ससाण्यावरचा खटला

आमच्या कोकणातल्या घरी परसात कोंबड्या असत. पिले निघाली की दादी आम्हा मुलांना राखणीला बसवायची. आभाळात घार दिसली की पत्र्याचा डबा वाजवायचा आणि जोराने ओरडायचे, एवढेच काम. संध्याकाळी डालग्याखाली पिले झाकताना दादी मोजदाद करी आणि एक जरी कमी भरले तरी घारीच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. एका पावसाळ्यात पिले भराभर कमी होऊ लागली. आठवडाभर झड लागलेली, घार तर नजरेलाही पडली नव्हती. शेवटी चिऱ्यांच्या गडग्यातून मुंगूस निघाले. दादीने त्या दिवशी मुंगसाला पोटभर शिव्या दिल्या, पण घारीवरचा आरोप काही मागे घेतला नाही.

ही घरगुती आठवण सांगण्याचे कारण असे की, जगाच्या इतिहासात शिकारी पक्ष्यांवर नेमका असाच एक खटला चालला आहे. आरोप एकच: रानातली लहान शिकार, म्हणजे तित्तिर, लावा, रानकोंबडे, ससे, हे ससाणे, बाज आणि घारी खाऊन संपवतात. या आरोपावरून कायदे झाले, मुंडक्यांना बक्षिसे लागली, अगणित पक्षी मारले गेले. साक्षीपुरावा मात्र फार उशिरा गोळा झाला. या खटल्याचा इतिहास आम्हांला वाचकांपुढे ठेवायचा आहे. त्यात पक्ष्यांबद्दल जेवढे आहे तेवढेच माणसाच्या न्यायबुद्धीबद्दलही आहे.

मनगटावरचा बाज

ससाण्याशी आपले नाते जुने आहे. आपल्या घराघरांत शाहीन आहेत, शाहबाज आहेत. इक्बालच्या शायरीतला शाहीन तर शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. मराठीत आपण ज्याला ‘बहिरी ससाणा’ म्हणतो त्याचा कानाने ऐकू न येण्याशी काही संबंध नाही. ‘बहर’ म्हणजे समुद्र. समुद्रापलीकडून येणारा तो ‘बहरी’. शिक्रा, शाहीन, लग्गड, तुरुमती ही नावे फार्सी-हिंदुस्तानी बाजदारांच्या तोंडची. पुढे इंग्रज पक्षिशास्त्रज्ञांनीही त्यांतली बरीच जशीच्या तशी उचलली.

शिकवलेल्या शिकारी प्राण्याने मालकासाठी धरलेल्या शिकारीला सूरह अल्-माइदाच्या चौथ्या आयतीत मुभा आहे. त्याच सूरहमध्ये पुढे इहरामच्या अवस्थेत रानातली शिकार करण्याची मनाईही आहे. म्हणजे मुभा आणि मर्यादा एकाच ठिकाणी सांगितल्या आहेत. फकीहांनी या मुभेच्या अटींवर बारकाईने लिहिले. जनावर शिकवलेले केव्हा म्हणायचे, त्याने शिकार स्वतःसाठी धरली की मालकासाठी, हे त्यांचे मुद्दे. या शेवटच्या प्रश्नाकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

बाराव्या शतकातला सीरियातील शैजरचा अमीरजादा उसामा इब्न मुन्किज याने आपल्या आठवणींत वडिलांच्या शिकारीचे मोठे जिवंत वर्णन केले आहे. त्यांचे बाज दूर कॉन्स्टँटिनोपलहून येत. शिकारीची दोन राने होती. एक डोंगराकडचे, तित्तिर आणि सशांचे. दुसरे नदीकाठच्या वेताचे, पाणपक्षी आणि काळ्या तित्तिरांचे. ही विद्या अरबांकडून युरोपात गेली. सिसिलीचा बादशहा दुसरा फ्रेडरिक याने तेराव्या शतकात बाजविद्येवरचा अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये करून घेतला आणि स्वतः त्या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला.

आपल्याकडे अबुल फज्लच्या ‘आईन-इ-अकबरी’त शिकारी पक्ष्यांचा सविस्तर मजकूर आहे. पश्तू कवी खुशालखान खटकने तर बाजनामाच लिहिला. जहांगीर बादशहाला इराणच्या शाह अब्बासकडून आलेला एक ससाणा मेला, तेव्हा त्याने उस्ताद मन्सूरकडून त्या मेलेल्या पक्ष्याचे चित्र काढून घेतले. याच जहांगीरने आणखी एक गोष्ट केली. आपल्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंतच्या शिकारीचा हिशेब त्याने कारकुनांकडून मांडून घेतला आणि आत्मचरित्रात नोंदवला. त्याच्या समक्ष 28,532 जनावरे आणि पक्षी मारले गेले. त्यांतले 17,167 त्याने स्वतःच्या हाताने मारले, आणि त्यांत 13,964 पक्षी होते. माणसाने आपल्या शिकारीचा एवढा प्रामाणिक हिशेब क्वचितच ठेवला असेल. ससाण्याचा हिशेब ठेवावा, असे मात्र त्या काळी कोणाला वाटले नाही. वाटण्याचे कारणही नव्हते. ससाणा बादशहाच्या मनगटावर होता, बादशहासाठी शिकार करीत होता.

मनगट सुटले, दावा लागला

इंग्लंडचा इतिहास या दृष्टीने फार बोलका आहे. चौदाव्या शतकात तिथे दुसऱ्याचा ससाणा चोरणे हा गंभीर गुन्हा होता. 1495 मध्ये सातव्या हेन्रीच्या कायद्याने ससाण्याची किंवा बाजाची अंडी घरट्यातून काढणाऱ्यास एक वर्ष आणि एक दिवस कैदेची शिक्षा ठरवली. पुढे 1566 मध्ये एलिझाबेथ राणीच्या काळात धान्याच्या रक्षणासाठी म्हणून उपद्रवी प्राण्यांचा कायदा झाला. त्यात मुंडक्यामागे पैसे देण्याची सोय होती, आणि कावळ्या-उंदरांबरोबर घारींचे नावही यादीत होते.

पण खरा पालट बंदुकीने केला. उडता पक्षी छऱ्याने पाडता येऊ लागला तसा बाजदाराचा धंदा बसला. एकोणिसाव्या शतकात मागून भरायच्या बंदुका आल्या, रेल्वे आली, आणि स्कॉटलंड व उत्तर इंग्लंडच्या डोंगरी माळांवर ग्राऊसची शिकार हा बड्या लोकांचा षौक झाला. ग्राऊस हा तित्तिराच्या गोतावळ्यातला पक्षी. हेदर नावाच्या खुरट्या झुडपाचे कोंब खाऊन तो राहतो. हाकारे लावून त्याचे थवे बंदुकांच्या तोंडावर आणायचे आणि पाडायचे, ही पद्धत पडली. 12 ऑगस्ट 1915 रोजी लँकेशायरमधल्या एका माळावर आठ बंदुकांनी एका दिवसात 2,929 ग्राऊस पाडले. एवढी शिकार एका दिवसात मिळायची तर माळावर पक्ष्यांची अक्षरशः शेती करावी लागते. त्यासाठी जमीनदारांनी राखणदार नेमले. 1911 च्या खानेसुमारीत ब्रिटनमध्ये असे सुमारे 23,000 राखणदार होते.

राखणदाराचे इमान बंदुकीच्या मालकाशी. चोचीला बाक आणि पायाला नखे असलेला प्रत्येक पक्षी त्याच्या लेखी चोर. सापळे, विष, बंदूक, सगळे उपाय झाले. ज्या बाजाच्या अंड्यासाठी पूर्वी कैद होती, तो बाज एकोणिसावे शतक सरता सरता ब्रिटनमध्ये विणीचा पक्षी म्हणून नाहीसा झाला. लाल घार वेल्सच्या डोंगरांत मोजक्या जोड्यांपुरती उरली. पांढऱ्या शेपटीचा सागरी गरुड 1918 पर्यंत संपला. ऑस्प्रे ही घार केवळ मासे खाते, ग्राऊसच्या वाटेला जात नाही. तीही त्याच सुमारास संपली. अंडी जमवणाऱ्या षौकिनांचाही त्यात हात होता. पण ऑस्प्रेला नखे होती, एवढा पुरावा राखणदाराला पुरेसा होता.

या पक्ष्याचा स्वभाव बदलला नव्हता. तो पूर्वीही तित्तिर धरत होता आणि आताही धरत होता. पूर्वी तो आपल्यासाठी धरत होता, आता स्वतःसाठी धरू लागला. फकीहांचा प्रश्न खाण्याच्या हलाल-हरामपुरता होता. इंग्लंडच्या जमीनदारांनी त्याच प्रश्नावर पक्ष्याच्या जगण्या-मरण्याचा निकाल लावला.

पोट फाडून घेतलेली साक्ष

खटल्यात पहिली खरी साक्ष अमेरिकेत झाली. पेनसिल्व्हानिया राज्याने 1885 मध्ये कायदा करून ससाणे, घुबडे आणि मुंगसासारखे छोटे शिकारी प्राणी मारणाऱ्याला नगामागे अर्धा डॉलर देऊ केला. दीडएक वर्षात सरकारचे सुमारे 90,000 डॉलर त्यात गेले. कोंबड्या वाचल्या त्या किरकोळ किमतीच्या. उंदीर मोकाट सुटले आणि शेतकऱ्यांचे त्याहून कितीतरी अधिक नुकसान झाले, असा हिशेब सरकारी प्राणिशास्त्रज्ञ मेरियम यांनी मांडला. कायदा मागे घ्यावा लागला. त्यांच्याच खात्यातल्या फिशर यांनी 1893 मध्ये अहवाल काढला. त्यासाठी ससाणे आणि घुबडांची सुमारे 2,700 पोटे तपासली होती. बहुतेक जातींच्या पोटांत मुख्यत्वे उंदीर, घुशी आणि किडे निघाले. कोंबड्या आणि शिकारीचे पक्षी यांवर खरोखर भिस्त ठेवणाऱ्या जाती मोजक्याच होत्या.

पण पोटात तित्तिर सापडला म्हणजे तित्तिर कमी झाले, असे होते का? हा पुढचा प्रश्न अधिक अवघड होता. विस्कॉन्सिन आणि आयोवाच्या शेतांत पॉल एरिंग्टन या संशोधकाने 1929 पासून वर्षानुवर्षे लाव्यासारख्या बॉबव्हाईट पक्ष्यांचे थवे मोजले. हिवाळ्याच्या तोंडाला किती, अखेरीस किती, घुबडाने किती नेले. त्याला दिसले ते असे: एखाद्या रानात दडायला झुडपे आणि खायला दाणा जेवढ्या पक्ष्यांपुरता असेल, तेवढे पक्षी हिवाळा काढतात. त्याहून अधिक असलेले उघड्यावर पडतात. त्यांना घुबडाने नेले नाही तर थंडी नेते, थंडीने नेले नाही तर भूक नेते. घुबड संख्येने दुप्पट झाले म्हणून उरणारे लावे निम्मे होत नाहीत. घुबड वसुलीला येते. कर्ज आधीच झालेले असते.

स्कॉटलंडमध्ये 1956 पासून जेंकिन्स आणि वॉटसन यांनी ग्राऊसवर असेच काम केले. ग्राऊसचे नर शरदात माळ आपापसांत वाटून घेतात. ज्यांना वाटा मिळत नाही ते इकडून तिकडे हुसकले जातात, आणि गरुड-ससाण्यांच्या तावडीत बहुतांशी तेच सापडतात. त्याआधी 1911 मध्ये ग्राऊसच्या रोगाची चौकशी करणाऱ्या समितीचा अहवाल आला होता. दाटीने वाढवलेले ग्राऊस आतड्यातल्या एका बारीक जंताने साथीसारखे मरतात, असे त्यात दाखवले होते. म्हणजे ज्या माळावर राखणदार ससाण्यांना टिपत होते, तिथला मोठा मारेकरी ग्राऊसच्या पोटातच बसला होता.

कबूतरबाजांची फिर्याद

त्यानंतर ब्रिटनमध्ये अशा काही गोष्टी घडल्या की कोणी ठरवून प्रयोग केला असता तरी इतका स्वच्छ झाला नसता.

1953 मध्ये मिक्सोमॅटोसिस नावाचा सशांचा रोग तिथे पोहोचला आणि दोन-तीन वर्षांत बहुतेक सगळे ससे मेले. सशांवर जगणाऱ्या बझर्ड पक्ष्यांनी अनेक भागांत अंडी घालणेच थांबवले आणि त्यांची संख्या घसरली. शिकार शिकाऱ्याला मापात ठेवते, हे या एका साथीने दाखवून दिले.

दुसरी हकिकत 1960 ची. कबूतरांच्या शर्यती लावणाऱ्या कबूतरबाजांनी सरकारकडे फिर्याद केली की बहिरी ससाणे बेसुमार वाढले आहेत, आमची कबुतरे राहू देत नाहीत, त्यांचे संरक्षण काढा. सरकारने म्हटले, आधी मोजू. 1961 मध्ये डेरेक रॅटक्लिफ यांच्या देखरेखीखाली मोजणी सुरू झाली, आणि निघाले ते उलटेच. ससाणे वाढले नव्हते, झपाट्याने नाहीसे होत होते. डीडीटी आणि तत्सम कीटकनाशके दाण्यातून कबुतरात आणि कबुतरातून ससाण्यात साचत होती. अंड्यांचे कवच इतके पातळ झाले होते की उबवतानाच फुटे. 1967 मध्ये रॅटक्लिफ यांनी हे संग्रहालयांतल्या जुन्या अंड्यांशी तुलना करून सिद्ध केले. आरोपी म्हणून ज्याला उभे केले, तोच बळी निघाला. ती फिर्याद झाली नसती तर मोजणी एवढ्या लवकर झाली नसती, हेही खरेच.

तिसरी गोष्ट करड्या तित्तिराची. पूर्व इंग्लंडच्या शेतांतून चिमणमार ससाणा या विषामुळे 1960 च्या सुमारास जवळजवळ नाहीसा झाला होता. आरोप खरा असता तर त्या वर्षांत तित्तिरांनी शेते भरून जायला हवी होती. घडले असे की त्याच वर्षांत तित्तिर कोसळू लागला. ससेक्स परगण्यात 1968 पासून डिक पॉट्स यांनी त्याचा माग काढला. तणनाशकाने तण मेले, तणावरचे किडे गेले. तित्तिराच्या पिलांना पहिले काही आठवडे किडेच लागतात, ती उपाशी मेली. शेतांच्या कडेचे कुंपण-बांध नांगरले गेले, तेव्हा घरट्यांची जागाही गेली. ससाणा घटनास्थळी नव्हताच, आणि तरी शिकार नाहीशी होत होती.

लँगहोमचा माळ

इतके वाचून कोणी म्हणेल, मग ससाणा निर्दोष सुटला. आम्हीही तसेच म्हणून लेख संपवला असता, पण प्रामाणिकपणाला ते सोडून चालणार नाही. कारण दक्षिण स्कॉटलंडमधल्या लँगहोमच्या माळावर साक्ष दुसऱ्या बाजूने पडली.

1992 ते 1997 या काळात तिथे शास्त्रज्ञ आणि जमीनदार यांनी मिळून एक अभ्यास केला. अट अशी की कोणताही शिकारी पक्षी मारायचा नाही आणि काय होते ते पाहायचे. हेन हॅरियर हा आपल्या भोवत्याच्या जातीचा पक्षी. त्याच्या विणीच्या माद्या 2 वरून 20 वर गेल्या. शिकारी पक्ष्यांनी वसंतात सुमारे 30 टक्के ग्राऊस आणि उन्हाळ्यात सुमारे 37 टक्के पिले नेली. शरदात जेवढे ग्राऊस असायला हवेत त्याच्या निम्मेच उरू लागले. हाक्याची शिकार बंद पडली. येथे पक्ष्यांनी शिकार कमी केली हे आकड्यांनी सिद्ध झाले, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण त्याच शास्त्रज्ञांनी पुढचा प्रश्नही विचारला: इतके भोवते तिथे आले कशामुळे? उत्तर मिळाले की भोवत्यांची संख्या ग्राऊसवर ठरत नव्हती. ती ठरत होती चंडोलासारखा पिपिट आणि व्होल नावाचा उंदीर यांवर, आणि हे दोन्ही गवतात वाढतात. माळावर गवत कसे वाढले? 1948 ते 1988 या चाळीस वर्षांत मेंढ्यांच्या बेसुमार चराईने तिथले 48 टक्के हेदर नष्ट झाले होते. ग्राऊसचे घर निम्मे झाले, भोवत्याचे कोठार वाढले. ग्राऊस तर भोवते वाढण्याच्या कितीतरी आधीपासून उतरणीला लागले होते. पडत्या घराला भोवत्याने धक्का दिला, पाया मात्र आधीच खचला होता.

पुढचे तर अधिक विचार करायला लावणारे आहे. शिकार बंद झाल्यावर राखणदार काढून टाकले, तेव्हा कोल्हे आणि कावळे वाढले. जमिनीवर घरटे करणाऱ्या भोवत्याची अंडी-पिलेही त्यांनी खाल्ली. काही वर्षांत भोवते पुन्हा पूर्वीइतके तुरळक झाले आणि ग्राऊसही वाढले नाहीत. म्हणजे राखणदार ग्राऊसबरोबर भोवत्याचीही राखण करीत होता. भोवत्यांच्या घरट्यांजवळ मेलेले उंदीर आणि कोंबडीची पिले ठेवून पाहिली, तेव्हा त्यांनी नेलेली ग्राऊसची पिले 86 टक्क्यांपर्यंत कमी झाली. मारण्यावाचूनही मार्ग होता, फक्त तो खर्चाचा आणि कष्टाचा होता. 2008 ते 2018 या काळात हे सगळे उपाय एकत्र करून पुन्हा प्रयोग झाला. भोवते वाढले, ग्राऊसही थोडे वाढले; पण शेकड्यांनी पाडण्याइतके नाहीत. शेवटी 2021 आणि 2022 मध्ये लँगहोमच्या गावकऱ्यांनी वर्गणी गोळा करून त्या माळाची सुमारे 10,500 एकर जमीन विकत घेतली आणि निसर्गासाठी राखून ठेवली.

इतरत्र मात्र जुनी सवय सुटलेली नाही. 2007 ते 2017 या काळात 58 भोवत्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवून त्यांचा माग ठेवला गेला. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 72 टक्के पक्षी बेकायदा मारले गेल्याचे सिद्ध झाले किंवा तसे असण्याचा दाट संभव दिसला. 2024 मध्ये स्कॉटलंडने ग्राऊसच्या शिकारीला परवाना सक्तीचा करणारा कायदा केला, तो याच पार्श्वभूमीवर.

आपल्या घरातला हिशेब

परक्यांच्या चुका मोजून झाल्या की आपल्या घरातला हिशेबही काढावा. हुबारा हा माळढोकाच्या कुळातला, वाळवंटी प्रदेशातला पक्षी. मध्य आशियात त्याची वीण होते आणि हिवाळ्यात तो इराण, अरबस्तान, बलुचिस्तान, सिंध, राजस्थान, कच्छ असा उतरतो. अरबांच्या बाजविद्येतली सर्वांत मानाची शिकार म्हणजे हुबारा. हजारो वर्षे रानटी ससाणा आणि हुबारा एकाच वाळवंटात राहिले. उंटावरून फिरणारा बदू आपल्या एक-दोन ससाण्यांनी हिवाळ्यात थोडे हुबारे धरून घरच्यांच्या ताटात मांस घालत असे. त्यानेही हुबारा संपला नाही.

तेलाचा पैसा आला, जीपगाड्या आल्या, आणि काही दशकांत अरबस्तानातला हुबारा दुर्मीळ झाला. मग शिकारीचे तांडे बाहेर निघाले. 1970 च्या दशकाच्या अखेरीस ते आपल्या जैसलमेरला आले, तेव्हा राजस्थानात लोकांनी मोठा विरोध केला. त्याच वातावरणात 1980 मध्ये जयपूरला माळढोक कुळाच्या पक्ष्यांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पाकिस्तानात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2015 मध्ये हुबाऱ्याच्या शिकारीवर पूर्ण बंदी घातली आणि जानेवारी 2016 मध्ये ती उठवली. आज हुबारा धोक्यातल्या पक्ष्यांच्या जागतिक यादीत आहे, आणि ज्याच्याकडून त्याची शिकार करवली तो चरग ससाणाही त्याच यादीत आहे, कारण त्यालाही पकडून पकडून रिते केले.

अरबांनी ही चूक ओळखली, हेही सांगायला हवे. सौदी अरबस्तानात ताइफ येथे 1986 मध्ये हुबाऱ्याच्या पैदाशीसाठी संशोधन केंद्र उभे राहिले. अबू धाबीने 2006 मध्ये हुबाऱ्याच्या रक्षणासाठी स्वतंत्र निधी काढला. पिंजऱ्यात वाढवलेले हजारो पक्षी रानात सोडले जातात. मात्र पैदास करून सोडणे वेगळे आणि रान राखणे वेगळे, हे जाणकार तेव्हापासून सांगत आले आहेत.

आमच्या मते या साऱ्या खटल्यातला कळीचा मुद्दा येथे आहे. रानटी ससाण्याला शिकार विरळ झाली की उपाशी राहावे लागते. त्याची अंडी कमी होतात, पिले मरतात, नाहीतर तो दुसरीकडे जातो. भूक हाच त्याचा लगाम आहे. मनगटावरच्या ससाण्याला हा लगाम नाही. हुबारा मिळाला नाही तरी मालक त्याला मांस भरवतो आणि जीपमध्ये घालून पुढच्या खोऱ्यात नेतो, शेवटचा हुबारा सापडेपर्यंत. पक्षी तोच, नखे तीच. फरक एवढाच की एकाच्या मागे त्याचे स्वतःचे पोट आहे आणि दुसऱ्याच्या मागे माणसाचा षौक. पोट भरते, षौक भरत नाही.

माळाला विचारावे

आपल्या देशातही या खटल्याची एक नोंद आहे, फक्त ती फारशी कोणी वाचत नाही. इंग्रज सरकारने 1912 मध्ये रानटी पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला. त्याच्या यादीत तित्तिर, लावे, रानकोंबडे, मोर, बदके, माळढोक, तणमोर असे शिकारीचे पक्षी होते आणि पिसांसाठी मारले जाणारे बगळे, नीलकंठ, खंड्याही होते. ससाणे, घारी, गरुड त्यात नव्हते. ज्यांना बंदुकीने पाडायचे किंवा ज्यांची पिसे विकायची, त्यांची राखण, बाकीच्यांची नाही. ससाण्यांना कायद्याचे पांघरूण मिळायला 1972 साल उजाडले.

पहिला कायदा झाला त्याच सुमारास मुंबईच्या एका मुस्लिम घरातला मुलगा मोठा होत होता. 1908 च्या सुमारास त्याने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, असे त्याने मामांना विचारले. मामांनी, म्हणजे शिकारीचे षौकीन अमिरुद्दीन तय्यबजींनी, त्याला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. सलीम अली यांची ही गोष्ट आपल्याला माहीत आहे. पण तिच्यातला अर्थ या लेखाच्या निमित्ताने पुन्हा सांगावासा वाटतो. बंदूक खाली ठेवून तो मुलगा प्रश्न विचारायला गेला. पुढे अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीची घरटी तासन् तास पाहत बसणारा संशोधक त्यातूनच झाला. पाहणे, मोजणे, नोंदणे आणि मग बोलणे, ही शिस्त त्यांनी देशाला लावली.

आज आपल्या सोलापूर-अहमदनगरकडच्या माळांवर हिवाळ्यात मध्य आशियातून भोवते येतात. ते नाकतोडे खातात, उंदीर खातात, एखादा चंडोल किंवा लावाही उचलतात. त्यांना पाहून ‘आता तित्तिर कसे राहणार’ असे म्हणणारे लोक आम्हांला भेटले आहेत. त्यांना आम्ही एवढेच विचारतो की, तुमच्या बांधावरची बोरी-बाभळीची झुडपे कुठे गेली? गवताचा माळ सरकारी कागदांत ‘पडीक’ म्हणून कधी नोंदला गेला? शेतात किती वेळा फवारणी होते? माळढोकासाठी 1979 मध्ये नान्नजला अभयारण्य झाले. तिथे आता माळढोक दिसला तर बातमी होते. त्याला ससाण्याने संपवले असे कोणी म्हणू शकणार नाही.

अरबस्तानात इस्लामच्या आधीपासून ‘हिमा’ची पद्धत होती, आणि इस्लामने तिला शिस्त लावली. चराईची एखादी जमीन सर्वांच्या हितासाठी राखून ठेवायची. तिथे कोणी किती जनावरे आणायची, केव्हा आणायची, याचे नियम असत. मदीनेच्या भोवतीचा परिसर तर प्रेषितांनी शिकार आणि झाडतोडीला निषिद्ध ठरवला. त्या लोकांनी कोल्ह्या-ससाण्यांची मुंडकी मोजली नाहीत, जमीन राखली. ग्राऊस, लावा, तित्तिर आणि हुबारा यांच्या दीडशे वर्षांच्या अभ्यासातून शास्त्रज्ञ जिथे पोहोचले, ती जागा याहून फार वेगळी नाही. जमिनीत दम असेल तर ससाण्याचा वाटा जाऊनही शिकार उरते. जमीन खचली असेल तर तोच वाटा जड होतो, आणि मग आरोप करायला ससाणा सोयीचा पडतो, कारण तो सर्वांना आभाळात दिसतो.

कोणावरही ठपका ठेवण्यापूर्वी मोजणी करावी, हा धडा आपल्याला पक्ष्यांपुरताच उपयोगाचा आहे असे नाही. वाचकांना ते वेगळे सांगायला नको. आमची दादी आता नाही. तिच्या परसातला चिऱ्यांचा गडगा अजून आहे, आणि त्यात मुंगूसही आहे.